नदी कुणी अडवली

“पक्कं ना? सोचून घे एकदा.”

एवढं म्हणून भाऊ दोन फासे स्टीलच्या वाटीत टाकत, वाटी खुळखुळवत आणि फरशीवर पालथी घालून वर तळहात ठेवत. हात मात्र लगेच उचलत नसत. समोरच्याचा जीव टांगणीला लागलाय हे त्यांना चांगलं ठाऊक असायचं आणि खोटं कशाला बोलू, त्यांना ते आवडायचंही. मग वाटी उचलून फासे बघायचे आणि शांतपणे सांगायचं, “घसरला तू. कंबरेपर्यंत चिखल.”

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. रायपूरकडच्या रसमड्यात एका कारखान्यात ते स्टोअरला होते आणि मी डिस्पॅचला. राहायला दोघंही रिसालीत, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये जाता-येता शेजारी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पट नसतो, मोबाईलही नसतो. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही अमुक गावात आहात, पुढे वाट आहे, वाटेत अस्वल आहे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण आता काय करणार ते बोलतात. जमतं की फसतं ते फासे ठरवतात आणि गोष्ट तिथून पुढे सरकते. पन्नाशीला टेकलेला गृहस्थ दर रविवारी दुपारी घरात हा उद्योग मांडतो हे ऐकून मला हसू आलं होतं. गंमत बघू म्हणून गेलो आणि पुढचे सगळे रविवार तिथेच गेले.

खेळाचं मूळ पुस्तक त्यांच्या पुतण्याने बंगळुरूहून आणलं होतं. इंग्रजी, जाडजूड, पानापानावर ड्रॅगन. भाऊंनी ते शब्दकोश घेऊन वाचलं, नियम ठेवले आणि ड्रॅगन काढून टाकले. “ड्रॅगन आपल्याकडं कावून येईन? आपल्याकडं अस्वल येते,” असा त्यांचा साधा हिशोब. त्यांच्या गोष्टीत सालवृक्षांचं जंगल होतं, आठवडी बाजार होते, लोखंड गाळणाऱ्यांचं एक बंद पडलेलं भट्टीगाव होतं आणि एक नदी होती, जी एके दिवशी अचानक कोरडी पडली. वरच्या अंगाला कुणीतरी तिला अडवलं होतं. कुणी आणि कशासाठी, हे शोधत आम्ही तिघं कोरड्या पात्रातून वर निघालो होतो. तिघं म्हणजे मी, आमच्याच कारखान्यात क्रेन चालवणारा प्रफुल्ल आणि जुनवानीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या स्मिताताई.

रविवारची तयारी सोमवारच्या बसमध्येच सुरू व्हायची. भाऊ खिडकीशी बसून माणसं निरखत. मध्येच मला कोपर मारत आणि एखाद्या अनोळखी इसमाकडे डोळ्यांनी खूण करून म्हणत, “याले मी घेतला.” त्या बिचाऱ्याला पत्ताही नसे की रविवारी तो रिसालीत मीठचोर म्हणून हजर होणार आहे. आमच्या कँटीनवाल्याला त्यांनी दरोडेखोरांचा सरदार केलं होतं. तो खाकरून मगच बोलायचा, सरदारही खाकरूनच तलवार उपसायचा. पुढे कँटीनमध्ये तो खाकरला की प्रफुल्लच्या नाकातोंडातून चहा यायचा.

भाऊ काही लिहून ठेवत नसत. लिहिलं की गोष्ट अकडते, म्हणायचे. दुपारी फरशीवर खडूने नकाशा काढायचे आणि सोमवारी सकाळी वहिनी तो पुसून टाकायच्या. बाकी सगळी तयारी तोंडी. न्हाणीघरात ते पात्रांची भांडणं दोन-दोन आवाजांत घोळवत. एकदा बाईचा आणि पुरुषाचा असा कडाक्याचा वाद चालला होता तेव्हा शेजारच्या आंध्रातल्या काकू घाबरून मध्यस्थीला आल्या. दार वहिनींनीच उघडलं, हातात कालथा. “काही नाही जी, अंघोळ करून राहिले,” त्या म्हणाल्या. काकूंचं त्याने समाधान झालं असेल असं वाटत नाही.

आवाज ही त्यांची खरी मिळकत होती. दिसायला अगदी सामान्य माणूस, गर्दीत हरवला तर सापडायचा नाही. पण नावाडीण होऊन “कहाँ जाबे बाबू?” असं विचारायचे तेव्हा समोर स्टोअरचा माणूस बसलाय हे आम्ही साफ विसरायचो.

आणि जबरदस्ती कधी करायचे नाहीत. भट्टीगावाचंच बघा. आत काय काय आहे याची त्यांनी कितीतरी आठवडे तयारी केली होती: तळघर, वितळलेली घंटा, भुतंसुद्धा. आम्ही फाटकापर्यंत पोचलो. फाटक सताड उघडं, आसपास चिटपाखरू नाही. कुणीही आत शिरला असता. पण आमचा सगळा जन्म गेटवर कार्ड दाखवण्यात गेलेला. प्रफुल्लने गंभीरपणे विचारलं, “गेटपास कुठं भेटते?” मीही म्हटलं, बिनापास नको, उगीच लफडं. स्मिताताई आम्हाला मूर्ख म्हणाल्या, पण थांबल्या आमच्यासोबतच.

दुसरा कुणी म्हणाला असता, अरे, कुणी नाहीये, जा आत. भाऊंनी आम्हा दोघांकडे बघितलं, घसा साफ केला आणि फाटकाशेजारच्या झाडामागून एक म्हातारा चौकीदार काढला. वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही म्हणून तो बिचारा पास द्यायला आसुसलेला. ती अख्खी दुपार त्या म्हाताऱ्याशी गप्पा मारण्यात गेली. भुतं आत तशीच ताटकळली.

“तुमची मेहनत वाया गेली ना, भाऊ?” मी निघताना विचारलं.

“कायची वाया? तुमी जिथं थांबले, गोष्ट तिथंच आहे,” ते म्हणाले आणि आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला चपला शोधायला लागले.

मग त्यांचा घसा बसला. उन्हाळा आहे, गार पाणी प्यालं असेल, असं आम्ही सगळे म्हणालो. पाऊस येऊन गेला तरी आवाज फाटलेलाच. रायपूरला दाखवलं. एका सकाळी बसमध्ये त्यांनी मला सांगितलं, रजा टाकतोय असं सांगावं तसं: “ऑपरेशन करा लागते म्हणतात. स्वरयंत्र काढून घेऊन राहिले. येत्या रविवारी मात्र खेळू.”

बस जाऊन पोचली, आम्ही उतरलो, कार्ड दाखवलं आणि आत गेलो.

त्या आठवड्यात आम्ही तिघं जुनवानीत एका टपरीवर भेटलो आणि ठराव केला. रविवारी फालतूपणा नाही. बाजारात घासाघीस नाही, चौकशा नाहीत. भाऊ नेतील तसं सरळ नदीच्या उगमापर्यंत चालायचं. नदी कुणी अडवली ते त्यांच्या आवाजात ऐकून घ्यायचं. गोष्टीचा शेवट त्यांनी केव्हाच बांधून ठेवला होता आणि तो सांगायला त्यांच्याकडे एवढीच दुपार होती.

रविवारी आम्ही ठरल्याप्रमाणे वागलो. ते म्हणाले, इथे वाट फुटते. आम्ही म्हणालो, उगमाकडे जाणारी. ते म्हणाले, झाडाखाली एक बाई रडतेय. आम्ही म्हणालो, नमस्कार करून पुढे जातो. ते म्हणाले, बाजार भरलाय. प्रफुल्ल म्हणाला, बाजूने निघून जातो.

भाऊंनी हातातला खडू खाली ठेवला. आवाज इतका चिरलेला की आम्हाला पुढे झुकावं लागलं.

“तुमी खेळून नाही राहिले,” ते म्हणाले. “मले स्टेशनवर सोडाले आल्यासारखे करून राहिले.”

आत वहिनींचा तवा चुरचुरत होता. स्मिताताईंचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की त्या चिडतात.

“मंग मी नाही जात वर,” त्या म्हणाल्या. “मी बाजारात चालली. मले बकरी घ्यायची आहे.”

“बकरी कावून?” प्रफुल्लने विचारलं.

“माझी मर्जी!”

भाऊ मांडी सावरून बसले. “कोणत्या रंगाची?”

पुढे काय झालं ते सांगून खरं वाटायचं नाही. त्या फाटक्या गळ्यातून त्यांनी बकरीवाली काढली, तिची बहिरी सासू काढली, आणि दर सांगायच्या आधीच रुसणारा तिचा नवराही काढला. बकरीसुद्धा तेच. बकरीने प्रफुल्लचं पागोटं खाल्लं. मी मध्यस्थी करायला गेलो तर सासूने मलाच चोर ठरवलं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या आणि हसताना मला सतत दिसत होतं की आवाज संपत चाललाय, उगम अजून लांब आहे आणि हा माणूस उरलेला सगळा गळा एका बकरीवर उधळतोय. त्यांना थांबवावं असं फार वाटलं. नाही थांबवलं.

“घेऊन जा बाई,” शेवटी बकरीवाली म्हणाली, “पण संध्याकाळी बांधून ठेवजा. ही वापस येते.”

त्यानंतर त्यांना बोलताना आम्ही कधी ऐकलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. ते बरे होऊन घरी आल्यावर खेळ मी मांडायला लागलो आणि भाऊ पहिल्यांदाच समोरच्या बाजूला बसले. खेळाडू म्हणून ते इतके वांड निघतील असं वाटलं नव्हतं. मी आठवडाभर खपून एखादं गाव उभं करावं आणि त्यांनी बोट नेमकं जिथे काहीच काढलेलं नाही त्या कोऱ्या फरशीवर ठेवावं. मी गडबडलो की त्यांचे खांदे गदगदायचे. आवाज नसलेलं हसू ते. नदीचं काय ते सांगा, असं आम्ही खूप विनवलं, लिहून द्या म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि खडू माझ्याकडे सरकवला.

मागच्या थंडीत ते गेले. मला त्यांची आठवण बसमध्ये सगळ्यात जास्त येते.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला, रविवारी येता ना म्हणून. गेलो. चीला, म्हणजे इकडचं तांदळाचं धिरडं, खाऊन झालं, पण खडू कुणी उचलेना. शेवटी स्मिताताईंनी विचारलं, “वहिनी, तुमाले शेवट सांगितला होता काय त्यांनी?”

“मंग! रोज सकाळी मलेच तर सांगत होते,” वहिनी म्हणाल्या. “नदी कोणी अडवली, मले माहीत आहे. सांगू?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं.

“नको,” प्रफुल्ल म्हणाला.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि फरशीवर आमच्याजवळ येऊन बसल्या. “मंग मले पण घ्या.”

आता गोष्ट मी सांगतो आणि त्या दर रविवारी खेळतात. कोण कुठे उभं आहे हे कळावं म्हणून आम्ही खडूच्या रेघांवर एकेक चिंचोका ठेवतो. मागच्या वेळी वाटेला दोन फाटे फुटले. वाद घालून प्रफुल्ल आणि स्मिताताई डावीकडे निघाले. शेवट ठाऊक असलेल्या वहिनी दोन्ही फाट्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी आपला चिंचोका उचलला आणि मुकाट्याने त्या दोघांच्या मागे नेऊन ठेवला.