पूजलेले ठोकळे

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात दोन गोष्टी आपोआप साचतात. भंगार आणि किस्से. भंगार निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से माझ्याच डोक्यात राहतात, आणि हसून झालं की रात्रीची झोप उडवतात.

आम्ही हार्वेस्टर दुरुस्त करतो. पीक कापायचं ते अवाढव्य मशीन. पुढे त्याला कापणीचा जबडा असतो, टनाच्या वर वजन. तो वर उचलायचा आणि खाली शिरून काम करायचं. उचललेला जबडा नुसत्या तेलाच्या प्रेशरवर थांबतो. पाइप फुटला की खलास! म्हणून खाली लाकडी ठोकळे द्यायचे. मी चौथी शिकले, मला कळतं. माझ्या नवऱ्याला कळलं नाही. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता ते मालाडला घरी खिडकीत बसतात आणि गाळा मी बघते. मिस्त्री एकच उरलाय, माझा धाकटा दीर सुधीर. भावोजींचे दोन्ही पाय अजून आहेत. ते तसेच राहावेत, एवढंच माझं म्हणणं!

*

समोरची गल्ली नाल्याकडे उतरती. एकदा मशीन आत मावेना, बाहेरच लावलं. मी ओरडले, "भावोजी, चाकाला काहीतरी लावा!" त्यांनी चहावाल्याकडची वीट लावली. तीपण अर्धी. मी आत वळते तोवर बाहेर बोंबाबोंब. मशीन वरातीसारखं हळूहळू निघालेलं! नाल्याच्या कठड्याला टेकून थांबलं.

"वीट लावली होती ना?"

"वीट तिथेच आहे, वहिनी. मशीन गेलं!"

*

जबडा वर असला की किल्ली माझ्या कमरेला, हा नियम. नाशिककडच्या एका मशीनबरोबर त्यांचा ड्रायव्हर आला होता. भावोजी खालून निघून चहाला आले, आणि जबडा धाडकन खाली! हा बाबा केबिनमध्ये. खिशात दुसरी किल्ली होती, मशीन चालू केलं आणि गुडघा जबड्याच्या दांड्याला लागला.

"वर कशाला चढलास रे मेल्या?"

"एसी आहे ना, मावशी. बाहेर किती उकडतंय!"

भावोजी कप ठेवत म्हणाले, "बघा! आणि तुम्ही म्हणता चहा कमी करा."

*

मशीन कंपनीचे एक साहेब येऊन सेफ्टीवर तासभर बोलले. भावोजी सारखी मान डोलवत होते. मला वाटलं, सुधारले! जाताना साहेबांनी मोठा बोर्ड दिला, 'उचललेल्या मशीनखाली जाऊ नये.' दुसऱ्या दिवशी भिंतीवर बोर्ड नाही.

"कुठे लावलात?"

"मशीनखाली. लादी पाठीला गार लागते, बोर्डवर झकास झोपता येतं."

*

ठोकळे मी स्वतः वखारीतून आणले. चार, एकेक उचलताना कंबर मोडते. भावोजी त्यावर बसून डबा खायचे. दसऱ्याला विचार केला, मला नाही तर देवाला तरी घाबरतील. ठोकळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. त्या दिवसापासून बसणं बंद! मी खूश. दोन दिवसांनी बघते तर जबडा वर, खाली काही नाही.

"ठोकळे कुठायत?"

"वहिनी, पूजलेली वस्तू. तिच्यावर ग्रीस सांडायचं?"

वाट लागली. माझ्याच हाताने!

*

गेल्या महिन्यात परत तेच. जबडा वर, भावोजी पाना शोधत होते. मी पदर खोचला आणि सरळ जाऊन जबड्याखाली आडवी झाले. वर सगळी पातीच पाती. तेलाचा एक थेंब कपाळावर पडला.

"वहिनी! वेड लागलंय काय? बाहेर या!"

"ठोकळे आल्याशिवाय नाही येत!"

माणूस पांढराफटक. चारही ठोकळे धावत आणले, लावले, लाथा मारून बघितले. "दादाला मी काय तोंड दाखवलं असतं?"

मी बाहेर आले. "आता कळलं?"

"कळलं, वहिनी."

घरी नवऱ्याला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ते मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यात शिरले. जबडा वर. खालून दोन पाय बाहेर आलेले. ठोकळे भिंतीशी नीट रचलेले, पुसलेले, वर ताजं फूल.

"भावोजी!"

खालून आवाज आला, "तुम्ही येताय का आत? थांबा, ठोकळे लावतो!"