उजवीकडचा खिसा

आमच्या तळमजल्यावर टेलरताईंचं दुकान आहे. त्या दिवशी तिथे मशीन बंद होतं आणि टीव्ही चालू. ताईंचं नदीकाठचं माहेर पहाटेपासून पाण्याखाली होतं. पडद्यावर मात्र पाण्यापेक्षा पुढारीच जास्त. एक म्हणे, धरणाचे दरवाजे तुम्ही उशिरा उघडले. दुसरा म्हणे, नदीत इमारती तुम्ही उठवल्या.

"मेल्यांनो, भांडा नंतर! आधी आमची गल्ली दाखवा," ताई टीव्हीलाच दटावत होत्या.

त्या गल्लीत त्यांचा धाकटा भाऊ एकटा राहतो. डावखुरा, म्हणून सगळ्यांचा डावऱ्या. दोन वर्षांपूर्वी निवडणुकीत तो एका पक्षाचा झाला, ताई दुसऱ्याच्या. जेवताजेवता शब्दाला शब्द वाढला आणि गाडी थेट "माझ्या घराची पायरी चढू नकोस" इथवर गेली. तेव्हापासून अबोला. आता सकाळपासून ताई त्याला फोन लावत होत्या आणि तो लागत नव्हता.

मी शिवलेले पडदे न्यायला गेले होते, ती तिथेच बसून राहिले.

अकराच्या सुमारास माहेरच्या मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. बचावाच्या होडीत बसलेल्या कुणीतरी स्वतःचं तोंड पुढे करून तो काढला होता. मागे सात-आठ माणसं. त्यांतल्या एकाने पावसासाठी डोक्यावर पोतं घेतलेलं, चेहरा पार झाकलेला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट.

ताईंनी व्हिडिओ थांबवला. "हे कापड माझं. भांडणाच्या आधी त्याला शिवून दिलेलं." मग त्या फोनवर वाकल्या. "पण तो नाही हा. त्याला खिसा मी उजवीकडे लावते, डाव्या हाताने पेन काढता यावं म्हणून. याचा डावीकडे आहे."

ताईंनी पदराने डोळे पुसले, पण नजर शेवटी टेलरची! दोन बोटांनी चित्र मोठं करत त्या पुटपुटल्या, "आणि हा कोण दीडशहाणा शिंपी? पुरुषाच्या शर्टाला बायकी बटणपट्टी लावलीय, बटणं डावीकडे!"

मी फोन ओढून घेतला. होडीवर रंगवलेली अक्षरं मला वाचताच येईनात. सगळी उलटी होती, आरशात दिसावीत तशी.

"ताई, सेल्फी आहे हा, चित्रच उलटं आलंय! डावं ते उजवं!"

ताईंनी छातीवर हात ठेवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग मटकन स्टुलावर बसल्या आणि रडत रडत हसू लागल्या. "म्हणजे शिंपी मीच की गं!"

दुपारी परक्या नंबरवरून फोन आला. डावऱ्या एका शाळेत सुखरूप होता. ताईंना हुंदका आवरेना, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"रडतेस काय अक्का? तुझ्या पक्षाने धरण फोडलं, तरी जगलो बघ!"

"अरे गाढवा, होडी कुणी पाठवली ते विचार आधी!"

"आमच्या आमदाराने!"

"डोंबल तुझ्या आमदाराचं!"

पुढची वीस मिनिटं दोघं कडाकडा भांडत होती. पडदे उद्या नेईन असं मी खुणेनेच सांगितलं आणि दार हळूच लोटून घेतलं.