दहा पावलं मागे

वाळूची वाट संपून डांबरी रस्ता लागतो, तिथेच लोर्ना शिर्मरचं गॅरेज आहे. तिच्या दारात येणाऱ्या निम्म्या गाड्यांना काहीच झालेलं नसतं, पण ऐकतो कोण?

परवा सकाळी तिच्यासारखाच उतारवयाचा, मेंढ्या पाळणारा मर्विन घामाघूम होऊन आला. "लोर्ना, माझा ट्रक विकून टाक. हातातला जोर गेला. स्टिअरिंग वळतच नाही."

लोर्नाने आत डोकं घातलं. मीटरवरची काळी चिकटपट्टी ओढून काढली, तर खाली फोर-व्हीलचा, म्हणजे चारही चाकं इंजिनाला जोडल्याचा, दिवा लुकलुकत होता.

"हे काय रे?"

"आठवडाभर डोळ्यांत खुपत होता मेला. झाकून टाकला."

"अरे गाढवा, वाळूतून वर आल्यावर फोर-व्हील काढलंस का?"

"बटण लगेच फिरवलं की!"

"बटण फिरलं, गिअर अडकलेत. वाळूत चाकं घसरतात म्हणून ताण सुटतो, डांबरावर घसरत नाहीत. मग स्टिअरिंग जड होणारच. दिवा तेच ओरडून सांगत होता, तर तू त्याचंच तोंड बांधलंस! ट्रक सरळ दहा पावलं मागे घे, अडकलेले गिअर सुटतील."

मर्विनने कुरकुरत ट्रक मागे घेतला. खाली खट्ट वाजलं, दिवा विझला आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरलं. त्याने अंगणात उगाचच तीन फेऱ्या मारल्या.

"मग, विकायचा?"

मर्विन आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

"आठवडाभर बरण्यांची झाकणं बायकोकडून उघडून घेतोय मी," तो म्हणाला. "तिला यातलं काही बोलू नकोस."