आबांची गाडी आणि हवेचा पंखा

वडील, म्हणजे आबा, गेले त्या उन्हाळ्यात मला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा दिला की प्यायचो, गिऱ्हाईक आलं की कूलर दाखवायचो. धुळ्यातलं कूलर बनवायचं हे दुकान आबांनीच उभं केलेलं. त्यांची जुनी डिझेल गाडी दारात होती आणि जामनेरचा एक जण ती दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. आई म्हणाली, "सोनगीरचा चढ कुरकुर न करता चढली तर ठेवा. नाही तर देऊन टाका. मला ती दारात बघवत नाही."

गाडी ठेवायची होती ती माझ्या मोठ्या भावाला. मी त्याला भाऊच म्हणतो. त्याने आधीच मोबाईलवरून इलेक्ट्रिक सुपरचार्जर मागवून ठेवला होता. खोकं उघडलं तर काय, वायर लावलेला मुठीएवढा पंखा! इंजिनच्या हवेच्या पाइपात बसवायचा, म्हणे ताकद वाढते.

आता कूलरवाल्यांच्या घरात हे पटणारच. आमच्याकडे कुठल्याही तक्रारीवर मोठा पंखा लाव, हाच इलाज. पण खोलीत वारा सोडणं वेगळं. इंजिन जोरात फिरायला लागलं की स्वतःच एवढी हवा खेचतं, की हे चिमुकलं पातं उलट वाटेत आडवं येतं. खरा सुपरचार्जर हवा दाबून भरतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद पट्ट्यावरून इंजिनकडूनच घेतो. हे मी भाऊला सांगितलं. "तू गप बस रे," म्हणाला आणि पाना मागितला.

दुपारी चढाला लागलो. पंख्याचं बटण त्याच्या गुडघ्याजवळ होतं. अर्ध्यात गाडीचा दम गेला, त्याने दुसरा गिअर टाकला, मागचे ट्रक हॉर्न मारत पुढे निघून गेले.

"आते कसं वाटस? ओढस का?" त्याने विचारलं. आमचं आपसातलं बोलणं अहिराणीच.

मी त्याच्या कपाळावरचा घाम बघितला. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं. त्याची दया आली.

"हा भाऊ, फरक शे. मस्त ओढस. ठेवूत गाडी."

वर पोहोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात मात्र काढले नाहीत.

"मी बटन दाबेलच नही," तो म्हणाला. म्हणजे पंखा चढभर बंदच होता. "दाबतू आन काहीच नही व्हतं, तर? हिंमतच नही व्हयनी."

मग त्याने चावी फिरवली.

"मायले सांगजो, नही चढनी."