निळा पट्टा

हॅम्बर्गच्या घरात कपाट आवरताना मनगटावर बांधायचा हॉटेलचा निळा पट्टा सापडला आणि स्पेनच्या मायोर्का बेटावर बाबांना सुट्टीला नेलं होतं, ती दुपार आठवली. खाणंपिणं सगळं खोलीच्या भाड्यातच होतं, ताट घेऊन हवं ते आपल्या हाताने वाढून घ्यायचं. खारा वारा थेट जेवणाच्या हॉलमध्ये येत होता. गावी लग्नांमध्ये वाढपी म्हणून राबून मला शिकवणारे बाबा मात्र भिंतीला टेकून उभेच. "बाबा, घ्या ना ताट! लोक बघतायत," मी चिडून म्हणालो. "अरे, ही पंगत तर उठू दे!" पंगत कसली उठतेय, नवी माणसं येतच होती. मी घड्याळ बघत कसंबसं जेवून घेतलं. हॉल रिकामा झाल्यावर बाबा बसले, तेव्हा नुसता पाव उरला होता. जन्मभर वाढणाऱ्या माणसाला आपण उठून वाढावं, हे मला आज सुचतंय.