चुन्याची टिकली

लढाईच्या दिवसांत कराडच्या आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा एक म्हातारा गवंडी रोज येई. आल्या आल्या तड्याकडे तो बघतच नसे. आधी दार लोटून ते कुठं अडतंय ते पाही आणि भिंतीला ऐकू जाईल की काय, अशा बेतानं हळू बोले. तड्यावर त्यानं चुन्याची टिकली लावली होती. "ही फुटली तर भिंत चालतीया म्हणायची."

त्याच भिंतीशी आईची खाट होती. तिला हलवू नका, असं वैद्यांनी बजावलेलं. आणि खोली रिकामी केल्याशिवाय भिंतीच्या पायात दगड भरता येईना. आई रोज विचारी, "टिकली शाबूत आहे ना हो?"

"व्हय आक्का, हाय तशी हाय."

एकदा अंगणात त्याची बोटं ओल्या चुन्यानं भरलेली दिसली. हा चुना कशाला, मी विचारलं.

"रोज फुटतीया," तो म्हणाला. "आक्कांचा डोळा लागला की नवी लावतो. पाया काळ्या मातीतच हाय, मुरमापतुर गेलाच न्हाई. त्यास्नी काय सांगू?"

मला त्याचा भयंकर राग आला. पुढं तापामुळं तो दोन दिवस आला नाही, तेव्हा चुना मीच कालवला.