बाही वर करायला सांगा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. विहारात डोळे मिटून बसते ना, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा पूर्ण नाही — निम्म्यावर आलं की मी दुसराच विचार सुरू करते. वर्गात पोरांना दटावायची, खरं बोला, मारणार नाही. पोरं बिचारी बोलायचीसुद्धा. बाईंना मात्र जमलं नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मी तळेगाव ढमढेऱ्याची, पण नोकरी दौंडला, प्राथमिक शाळेत. रेल्वेच्या वस्तीमागे एक खोली भाड्यानं घेऊन एकटी राहायची. शेजारच्या घरात दिनकर, त्याचे आईवडील आणि धाकटी बहीण कुसुम. दिनकर इंजिनावर फायरमन होता. कुसुम घरी मशीनवर ब्लाऊज शिवायची आणि मला ताई म्हणायची. दिनकरचं आणि माझं जमलं. कसं जमलं ते सांगत बसत नाही, चारचौघांचं जमतं तसंच. वस्तीत कुणाला पत्ता लागू दिला नाही आम्ही. कुसुमला लागला होता का? — हे मला आजही माहीत नाही.

लग्नाचं विचारलं की तो म्हणायचा, "बघू."

काय बघायचं होतं त्याला, देव जाणे. आधी कुसुमचं होऊ दे, मग बघू. दोन वर्षं मी त्या शब्दावर काढली. मग एकदा रेल्वेच्या पुलावर, खाली गाडी उभी असताना, तो म्हणाला, आपण हे थांबवू, तू माझ्यासाठी अडकून राहू नको. मी रडले, चार दिवस शाळेत गेले नाही, आणि मग स्वतःला बजावलं की संपलं. तर आठवड्यानं हा दारात उभा — "चहा हाय का?" आता अशा माणसाचं काय करायचं सांगा. घराबाहेर काढावं तर जीव जायचा, आत घ्यावं तर झोप जायची. मी चहा टाकायची. लग्नाचं काही विचारलं की पुन्हा तेच, बघू.

तेव्हाची मी म्हणजे नुसती धाकधूक. इंजिनाची शिट्टी झाली की फळ्यावर खडू थांबायचा. ही त्याच्या गाडीची असेल का? आज येईल का? आला तर कशाला आला, नाही आला तर का नाही? शनिवारी चौफुल्याला एसटी बदलून तळेगावला जायची, तिथं आई स्थळं सांगायची. मी काय म्हणायची? — बघू. त्याचाच शब्द माझ्या तोंडात आलेला ऐकून माझी मलाच चीड यायची.

आणि एका संध्याकाळी त्याची आई आनंदानं सांगत आली की आमच्या दिनकरला वडगाव रासाईची पोरगी सांगून आलीय. दिनकरला पसंत हाय म्हणाली. म्हणजे आधी कुसुमचं, ते सगळं मला थोपवायलाच होतं? मी हसून साखर खाल्ली.

आता ती गोष्ट. आमच्यात पोरगी द्यायच्या आधी मुलाकडची चौकशी करतात. घरच्यांना विचारून काय उपयोग, ते चांगलंच सांगणार. म्हणून शेजारीपाजारी गाठायचे. त्यातून शेजारी शाळेतली बाई असली तर तिचा शब्द शेवटचा. मुलीचा मामा शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी आला. साधा माणूस, टोपी हातात घेतलेली.

"बाई, तुमी शिकल्यासवरलेल्या. शेजारीच ऱ्हाता. पोरगा कसा हाय, तेवढं सांगा."

चांगला आहे म्हटलं. दारू नाही, पत्ते नाहीत, आईबापांना धरून आहे. सगळं खरं सांगितलं. तो निघाला होता. मग आठवल्यासारखं करून, आवाज खाली घेऊन त्यानं विचारलं, "अंगावर काय डागबिग न्हाई ना?"

म्हणजे कोड. शब्द उच्चारत नव्हते, पण सगळे विचारायचे. कोड घरात असलं की पोराबाळांत उतरतं, असंच समजत लोक.

दिनकरच्या डाव्या हातावर, कोपराखाली, पांढरा डाग होता. इंजिनाच्या वाफेनं भाजलेला. भाजला त्या महिन्यात मलम मीच लावत होते. कातडी गेली, खालून पांढरी, गुळगुळीत आली, आणि त्याला लाज वाटायला लागली, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा तो पुऱ्या बाहीचा सदरा घालायचा. त्या डागावर मी गाल टेकवलेला आहे. त्याच्या घरच्यांखेरीज हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

वाफेनं भाजलंय, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणाले, "मी कसं सांगणार मामा? बाही वर करायला सांगा."

खोटं बोलले का मी? नाही. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आले, खोटं कुठं बोललीस. पण मामाचा चेहरा उतरला तो मी पाहिला होता. पाहिला, आणि मला बरं वाटलं.

रविवारी ते लोक सुपारी फोडायला आले. चहा झाल्यावर मामा म्हणाला, जरा बाही वर करा बरं पाव्हणं. दिनकरनं केली. तो सांगत राहिला, वाफेनं भाजलंय, शेडमध्ये कुणालाही विचारा. मामा व्हय व्हय म्हणाला आणि सुपारी पिशवीतच परत घेऊन गेला. हे मला कुसुमनं सांगितलं.

दिनकरचं काय, पुरुषमाणूस. बदली घेऊन सोलापूरकडं गेला, दोन वर्षांत लग्नही झालं त्याचं. अडकली ती कुसुम. त्या घरात कोड हाय — ही बातमी भीमेच्या दोन्ही काठांना पोचली. शिरूरकडची स्थळं दारापर्यंत येऊन फिरायची. जी आत यायची, ती कुसुमला बाह्या वर करायला लावायची. एकदा तर एका बाईनं तिला मान वळवून केस बाजूला करायला सांगितले. नितळ सावळी पोरगी, अंगावर तीळ नाही. तरी नाही म्हणायचे. आज नाही, पण पुढं फुटलं तर?

ती माझ्याच खोलीवर येऊन रडायची. "ताई, कुणी सांगितलं आसंल ओ? दादाच्या बाहीखालचं कुणाला दिसतंय?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. कुणाला दिसतंय — हा प्रश्न तिनं आणखी थोडा पुढं नेला तर? बाहीखालचं कुणी पाहिलेलं असणार, एवढं साधं गणित. मला वाटायचं, ती ते मांडतेय. मग वाटायचं, नाही, भोळी आहे. रात्र रात्र हेच.

सांगता आलं नसतं का? वडगाव रासाई काय लांब होतं? एकदा मी एसटीत बसलेसुद्धा होते. कंडक्टर यायच्या आत उतरले. कारण जाऊन म्हणायचं काय, तो भाजल्याचा डाग आहे? मग मामा विचारणार, बाई, तुमाला कसं ठावं? बिनलग्नाची मास्तरीण, तिला परक्या पुरुषाच्या बाहीखालचं माहीत. माझं नाव राहिलं असतं का? नोकरी राहिली असती का? मी माझं नाव ठेवलं. कुसुमचं गेलं ते जाऊ दिलं.

पुढं माझं यवतच्या एका कारकुनाशी ठरलं. चांगला माणूस, पहिल्याच भेटीत हो म्हणाला. बघू म्हणाला नाही. लग्न विहारात, पांढरी साडी, पांढरा ब्लाऊज. ब्लाऊज कुसुमच शिवणार म्हणाली, शिलाईही घेणार नाही म्हणाली. तोवर तिला स्थळं यायची थांबली होती. ती स्वतःचे ब्लाऊज अगदी आखूड बाह्यांचे शिवायला लागली होती, खांद्यापासून सगळे हात उघडे. लोकांना विचारायला नको, म्हणायची.

तिनं माझ्या दंडाभोवती टेप गुंडाळला. टेपवरचा आकडा बघायला ती खाली वाकली होती, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"ताई, बाही किती ठिवू?"

तिच्या घरात आम्ही दोघीच होतो. तिची आई बाजारात गेलेली. सांगायचं तर त्याच वेळी सांगायचं होतं.

"कोपराखालपर्यंत," मी म्हणाले, आणि दुसरा हात पुढं केला.